नवव्या तळ्याची मोजणी

बाकचोच तुतवार हा पक्षी मुठीत मावतो. मार्चच्या शेवटी तो उत्तरेला उडायला निघतो तेव्हा त्याच्या अंगात मांसापेक्षा चरबीच जास्त वाटते.

सॉसेज भाजताना कांदा तव्याच्या कडेला सरकवून ठेवतात. तो शेवटी काळा होतो आणि पावाला चिकटून बसतो.

"तू घरात वास आणतोस." ग्लेनिस, एकोणीसशे एक्क्याण्णव साली, लग्नाला चार महिने झालेले असताना.

सँडपायपर कोव्ह नावाच्या नव्या वसाहतीत सात रस्ते आहेत. सातही रस्त्यांना पाणपक्ष्यांची नावं आहेत. एकाही रस्त्यावर झाड नाही.

शेकाट्याचं अंडं रिकामं करायचं असेल तर दोन्ही टोकांना सुईने भोक पाडायचं आणि एका बाजूने फुंकायचं.

एकशे बारा वेळा अंगठा दाबायला दीड मिनिट पुरतं.

गुरुवारी सकाळी ग्लेनिस पत्रपेटीतून एक चकचकीत पत्रक घेऊन आत आली आणि तिने ते लिंडनच्या बशीशेजारी ठेवलं. "तुझं नाव छापून आलंय रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं. तेवीस वर्षं चिखलाचे बूट मागच्या दारी ठेवायला लावणाऱ्या बाईला नवऱ्याच्या चिखलाचं काहीतरी छापून आल्याचं समाधान वाटत होतं. लिंडनने टोस्टवर व्हेजिमाइट फासता फासता पत्रकाकडे पाहिलं. वर पक्ष्याचा फोटो होता, तोही चुकीच्या पक्ष्याचा. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: जानेवारीपासून वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी खांब ठोकायचं काम चालू आहे. फेब्रुवारीच्या मोजणीत नवव्या तळ्यावर अकराशे वीस तुतवार आढळले, गेल्या वर्षापेक्षा तीस जास्त. मोजणी: लिंडन ट्रेव्होरो आणि डल्सी क्वार्टरमेन, स्थानिक स्वयंसेवक. पक्षी निर्धास्त आहेत, तुम्हीही राहा. त्याखाली बारीक टाइपात होतं की पक्ष्यांची संख्या आधीच्या निम्म्याच्या खाली गेली असती, तर ते उत्तरेला निघून जाईपर्यंत खांब ठोकणं बंद ठेवण्याची अट होती, पण तशी वेळ आलेली नाही. शनिवारी सकाळी वसाहतीच्या सभागृहात माहिती मेळावा. सॉसेज फुकट. लिंडनच्या तोंडात टोस्टचा घास होता. तो खाली जाईना, बाहेरही काढवेना. काळं खारट व्हेजिमाइट टाळूला चिकटून राहिलं आणि त्याला एकदम वाटलं, की आपण बोटभर काळा गाळ तोंडात धरून बसलो आहोत.

गाळाची त्याला किळस नव्हती. शहराच्या सांडपाणी केंद्रावर त्याने एकतीस वर्षं काढली होती. चाळणीवर अडकलेल्या चिंध्या, केस आणि चरबीचे पांढरे गोळे त्याने हाताने काढले होते, हात धुऊन तिथेच बाकावर बसून अंड्याचं सँडविच खाल्लं होतं. नवीन पोरं ओकायला धावायची, तेव्हा तो म्हणायचा, "अरे, ही घाण आपण काय आहोत ते सरळ सांगते. घाबरायचं ते स्वच्छ माणसाला." या वाक्याचा त्याला अभिमान होता. ग्लेनिसच्या माहेरच्या ख्रिसमसच्या जेवणात त्याने ते किमान सहा वेळा ऐकवलं असेल. आता तेच वाक्य पोटातून वर येत होतं, अर्धवट पचलेल्या घासासारखं. शिसारी ही वस्तूंबद्दल असते असा त्याचा आजवरचा समज होता. एखादा आकडा इतका बुळबुळीत असू शकतो, त्याला वास असू शकतो, तो छापल्यावर आणखी फुगू शकतो, हे त्याला त्रेसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, उन्हाच्या पट्ट्यात कळत होतं. "बरं वाटत नाहीये का?" ग्लेनिसने विचारलं. "घास अडकला," तो म्हणाला. यातलं निम्मं तरी खरं होतं.

मोजणीची एक रीत होती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण पक्षी मोजणाऱ्यांच्या क्लबात ती सगळ्यांना माहीत होती. भरतीची वेळ गाठायची, कारण भरतीने खाडीतला चिखल बुडाला, की सगळे पक्षी जुन्या मिठागराच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. मोजणाऱ्याने बांधावर तिपाई लावायची, दुर्बिणीचं झाकण काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचं आणि डोळा लावला की मोजणी संपेपर्यंत काढायचा नाही. थवा मोठा असला तर दहा-दहाचा गठ्ठा नजरेने उचलायचा आणि गठ्ठ्यागणिक हातातलं छोटं यंत्र अंगठ्याने एकदा दाबायचं. टक. लेखनिकाने पाठमोरं उभं राहायचं. मोजणारा आकडा बोलेल तो लिहायचा, पक्ष्यांकडे बघायचं नाही, कारण दोघांनी बघितलं की दोन आकडे होतात, मग वाद होतो, आणि वादात पक्षी उडून जातात. मोजणाऱ्याचा आकडा हा आकडा. त्यावर बांधावर कुणी शंका घेत नाही. तेवीस वर्षं डल्सी क्वार्टरमेन त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली होती. ती आता एकोणऐंशीची झाली होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली विधवा, डोक्यावर नवऱ्याची टोपी, गळ्यात त्याचीच घोड्यांच्या शर्यतीची जुनी दुर्बीण. ती दुर्बीण लिंडनला कायम दागिन्यासारखी वाटत आली होती. डल्सीला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही असं तो मनात धरून होता. तिचं अक्षर मात्र चांगलं होतं.

आणि फेब्रुवारी. फेब्रुवारीची हकिगत त्याच्याकडे दोन प्रकारे होती आणि गेले पाच आठवडे तो दोन्ही आलटून पालटून वापरत होता. पहिलीत ऊन होतं, इथला फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. बेचाळीस अंश, खाऱ्या पाण्यावर हवा वितळलेली, पक्षी म्हणजे नुसत्या थरथरत्या रेघा, अशात कोण मोजणार, जाणकाराने अंदाजच द्यायचा असतो. दुसरीत कुणाचं तरी कुत्रं होतं. वसाहतीतल्या कुणाचं तरी पांढरं केसाळ कुत्रं बांधावर आलं, थवा उठला, उठता उठता लिंडनने नजरेने जेवढा उचलता आला तेवढा उचलला. दोन्ही हकिगती बऱ्या होत्या. पण दोन्हीत एक गोष्ट वगळावी लागत होती, ती म्हणजे बांधावर चढण्याआधीची शांतता. एरवी बांधापलीकडून तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, शेकडो पक्षी एकमेकांशी बारीक बोलत असतात. त्या दिवशी फक्त खांबांवरचा घण ऐकू येत होता. धप्प. मग तीन सेकंदं काहीच नाही. मग धप्प. प्रत्येक धप्पला बुटाखालची माती हलायची, जेलीसारखी. क्लबाचा जुना नियम लिंडनच्या डोक्यात पक्का बसला होता: हजाराच्या वर तुतवार असतील तर वसाहत बांधणाऱ्या कंपनीला नवव्या तळ्यातला पंप चालू ठेवावा लागतो, हजाराच्या खाली गेले की तळं वाळवायला मोकळीक. गेल्या तीन वर्षांत आकडा हजाराच्या कडेवर आला होता. अकराशे चाळीस. हजार पन्नास. हजार नव्वद. तळं वाचवायचं म्हणजे हजाराच्या वर राहायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने यंत्र हातात धरलं आणि अंगठा चालवला. टक, टक, टक. मधे मधे थांबला, जणू एखादा गठ्ठा बगळ्याच्या आड गेला आहे. एकशे बारा झाल्यावर म्हणाला, "अकराशे वीस." डल्सीने मागे न बघता लिहिलं. या वर्षी अट बदलली आहे, आता मोठा आकडा तळ्याच्या नव्हे तर घणाच्या बाजूने साक्ष देणार आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

शुक्रवारची अख्खी दुपार तो मागच्या अंगणात बसून होता. ग्लेनिसने दोनदा चहा आणून दिला आणि दोनदा गार झालेला आत नेला. त्याला अंगठ्याची किळस आली होती. उजव्या हाताचा अंगठा मांडीवर पडला होता, जाड, नखाखाली तांबूस, एखादा सोललेला प्राणी असावा तसा. तो दहा वर्षांचा असताना तांब्याच्या खाणींच्या गावी पोरं अंडी जमवायची. शेकाट्याचं एक ठिपक्यांचं अंडं त्याला मिळालं होतं. सुईने भोकं पाडून तो फुंकायला लागला, तर बलक येईना. म्हणून त्याने उलट ओढून घेतलं. तोंडात आलं ते पातळ नव्हतं. त्याला बारीक हाडं होती, ओली पिसं होती, दातांत काहीतरी चोचीसारखं अडकलं. बापाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, अंडं फुटलेलंच सापडलं होतं. बाप म्हणाला, बरं. तेवढ्यावर ते संपलं, पण ती चव त्रेपन्न वर्षं जिभेच्या मुळाशी कुठेतरी दबा धरून होती आणि आता परत आली, त्याच उबेची, त्याच खारटपणाची. आपण पक्षी बघायला लागलो ते प्रेमाने की त्या चवीवर उतारा म्हणून, असा प्रश्न त्याला पडला. लगेच त्या प्रश्नाचाच उबग आला. असले प्रश्न म्हणजे स्वतःला सुंदर करून घ्यायची युक्ती. खरी गोष्ट साधी होती. तो बोलला तर त्याचं नाव जाईल, त्याचं जाऊ दे, डल्सीचंही जाईल, कारण प्रत्येक कागदावर तिची सही होती. आणि एक कागद खोटा ठरला की तेवीस वर्षांचे सगळेच संशयात. तो गप्प राहिला तर पक्षी सैबेरियापर्यंतच्या प्रवासाची चरबी ज्या सहा आठवड्यांत साठवतात, नेमके तेच आठवडे त्यांच्या पायाखालची जमीन दर तीन सेकंदांनी हादरत राहील. दोन्ही बाजूंनी तोच होता. कुठेही हात घातला तरी तोच लागत होता, चिकट.

शनिवारी सभागृहात तळणाचा धूर भरला होता. पोरांनी तोंडावर पक्ष्यांची चित्रं रंगवून घेतली होती, त्यांच्या गालांवरचे पंख घामाने ओघळत होते. लोक पावाच्या एका चकतीत सॉसेज गुंडाळून उभ्या उभ्या खात होते, चरबी मनगटावरून कोपरापर्यंत वाहत होती, आणि तेच हात ते वसाहतीच्या छोट्या पांढऱ्या नमुन्यावर टेकवत होते. नमुन्यात नववं तळं निळ्या काचेचं होतं. काचेवर कुणीतरी सात पक्षी चिकटवले होते. लिंडनने मोजले. त्याला मोजल्यावाचून राहवत नव्हतं. टेबलापलीकडे कंपनीची पक्षी-सल्लागार उभी होती, टेगन रस्ट, तिशीची, उन्हाने रापलेली, खरी मैदानातली मुलगी. तिच्या कानात चांदीचे छोटे तुतवार लोंबत होते.

"मिस्टर ट्रेव्होरो! तुम्हीच ना? आम्ही तुमचा फोटोही टाकणार होतो, पण मिळाला नाही वेळेत."

"तो आकडा काढून टाका."

"कुठला?"

"अकराशे वीस. खोटा आहे. मी मोजलेला नाही."

टेगन हसली. "अहो, चार-दोन इकडे तिकडे होतातच. एवढं काय मनाला लावून घेता!"

"चार-दोन नाही. सगळाच."

तिचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला ऐकून घ्या. मला तुमचा राग नाही, उलट वाईट वाटतंय. पण हे मी वर घेऊन गेले तर मला काय विचारतील, सांगू? एक खोटा, तर बाकीचे खरे कशावरून? मग आधी किती होते हेच कुणाला माहीत नाही. निम्मे झाले म्हणायचं, ते कशाच्या निम्मे?" ती खरंच कळवळून बोलत होती, आणि त्याचीच त्याला जास्त ओकारी येत होती. "तुम्ही गप्प राहिलात तर निदान जुने आकडे तरी वाचतील."

म्हणजे हाही सौदा तयारच होता. लिंडनच्या मनात आलं, की हो म्हणावं. एका क्षणात ते इतकं सोपं, इतकं तुपकट गुळगुळीत वाटलं, की तो मान हलवणारच होता.

"ए पोरी, हे जरा धर." डल्सी त्याच्या कोपराशी येऊन उभी होती. ती केव्हा आली ते त्याला कळलं नाही. अर्धं खाल्लेलं सॉसेज तिने टेगनच्या हातात दिलं, बोटं स्कर्टला पुसली आणि पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात मोजणीच्या कागदांच्या प्रती होत्या, वर्षावार, दोऱ्याने बांधलेल्या. "पुढून बघू नकोस. मागून बघ."

प्रत्येक कागदाच्या पाठीवर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने एक आकडा होता. पहिल्या वर्षी लिंडनचा चार हजार तीनशे पन्नास, पाठीवर चार हजार तीनशे चाळीस. अकरा सालचा सत्तावीसशे, पाठीवर सत्तावीसशे वीस. गेल्या वर्षीचा हजार नव्वद, पाठीवर अकराशे. टेगन एका हाताने पानं उलटत होती, दुसऱ्या हातातल्या सॉसेजमधून सॉस ठिबकत होता. मग फेब्रुवारीचा कागद आला. पुढे अकराशे वीस. पाठीवर दोनशे बारा.

"हे कधी केलंस?" लिंडनने विचारलं. त्याचा आवाज त्याला परका वाटला.

"तू आत डोळा खुपसून बसायचास तेव्हा. मग काय करू? तेवीस वर्षं पाठ करून उभी राहू? तेव्हा तर बघायला घरंही नव्हती रे बाबा, नुसती कुंपणाची तार."

"लेखनिकाने बघायचं नसतं."

"हो का? मग कर तक्रार."

मागच्या रांगेतला एक म्हातारा फसकन हसला. लिंडनला मात्र आधी वाटली ती सुटका नव्हती. आधी वाटला तो राग, क्षुद्र, नाकाच्या शेंड्यावरचा. तेवीस वर्षं ही बाई आपल्या पाठीमागे आपल्याला तपासत होती, त्या शर्यतीच्या खेळण्याने, आणि तिचे आकडे बरोबर येत होते. इतकं झाल्यावरही आपल्याला पहिल्यांदा हेच सुचावं, याची शिसारी त्यामागोमाग आली आणि रागाला गिळून टाकून तशीच बसून राहिली.

"मग फेब्रुवारीत का नाही बोललीस?"

डल्सीने टोपी नीट केली. पहिल्यांदाच ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. "मला वाटलं, तुझे डोळे गेले. बाईमाणसाने पुरुषाला कसं सांगायचं, की बाबा, तुला आता दिसत नाही म्हणून? म्हटलं, त्याचं तो सांगेल. त्याला वेळ द्यावा."

टेगनने सॉसेज नमुन्याच्या कडेला, प्लास्टिकच्या झाडांमध्ये ठेवलं आणि कागदांचे फोटो काढले. पुढून, मागून, पुढून, मागून. मग तिने एका कोऱ्या पानावर लिहून काढलं आणि लिंडनपुढे केलं. "सोमवारी हे वर देते. घण थांबवावाच लागेल, हे मी माझ्या सहीने लिहितेय. पण तुम्ही आकडा बनवलात, हेही यात आहे. ते वगळता येणार नाही. क्लब तुम्हाला यापुढे मोजायला पाठवणार नाही."

"लिहिलंय ते बरोबर आहे का, तेवढं बघ," डल्सी म्हणाली. "नाहीतर सही करायचास न वाचता."

त्याने वाचलं. बरोबर होतं. त्याने सही केली. पेनावर कुणाच्या तरी बोटांची चरबी होती, ती त्याच्या बोटांना लागली.

बारा वाजता भरती होती. मार्चची मोजणी ठरलेली होती आणि ती रद्द करायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. सवयीने ते गाडी लावून बांधापर्यंत चालत आले. बाजूच्या चरात पाणी कुजलं होतं, त्यावर खारमाश्यांचा काळा थर होता आणि पाऊल पडलं की तो थर उठून पुन्हा बसत होता. एरवी लिंडनला हा वास घरच्यासारखा वाटायचा. आज त्याला तो वास नाकात न येता कपड्यांतून बाहेर येतो आहे असं वाटलं, जणू तोच इथे वास घेऊन आला आहे. टेगनच्या कागदाचं काय ते सोमवारी होईल, पण घणाला सोमवार माहीत नव्हता. धप्प. बांधाच्या मातीतून ठोका गुडघ्यांपर्यंत चढत होता.

त्याने तिपाई उभी केली आणि बाजूला झाला. हातातलं यंत्र डल्सीपुढे धरलं.

"नको मला तुझं टकटक," ती म्हणाली. "मी आपली तोंडाने मोजते." तिने नवऱ्याची दुर्बीण डोळ्यांना लावली. "तू वळ की तिकडे. लेखनिकाने बघायचं नसतं ना?"

तो वळला. समोर घरांची रांग होती, एकसारखी, राखाडी, प्रत्येक घराच्या मागे हवा थंड करायच्या यंत्राचं खोकं. एका गच्चीत एक माणूस दात कोरत उभा होता. त्याने लिंडनला हात केला. लिंडनने वही उघडली. बोटांना अजून सॉसेजचा तुपकटपणा होता, कागदावर अंगठ्याचा पारदर्शक डाग उमटला. पाठीमागे डल्सी पुटपुटत होती, दोन-दोन करून, शाळेत पोरांची हजेरी घ्यावी तशी. एके ठिकाणी ती थांबली. लिंडनच्या मानेत कळ आली, इतकी त्याला वळून बघायची ओढ झाली. तुतवार आता लाल झालेले असतील, विटकरी, पोटाखाली गोल, जायला निघालेले. तो वळला नाही.

"एकसष्ट," डल्सी म्हणाली. मग, "थांब. त्या खुंटाच्या सावलीत आणखी दोन. त्रेसष्ट."

"त्रेसष्ट," तो म्हणाला, आणि लिहिलं.

"नीट लिही. तुझं अक्षर घाणेरडं आहे."

त्याने आकडा पुन्हा गिरवला.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, लिंडनच्या दुर्बिणीचं झाकण काढलेलं नव्हतं.